'पाऽगो' की 'पागोऽ' : स्पॅनिश क्रियापदाचा भूतकाळ आणि आपले सोलापुरी 'मी केलो'

टेरी_टॉवेल

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत कामाला आहे. आमचा थोडा माल मेक्सिकोला जातो. वर्षभरापूर्वी मी मोबाइलवर हौसेने स्पॅनिश शिकायला घेतले, ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली आणि तेव्हापासून तिकडच्या एजंटाशी होणारा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला.

गेल्या महिन्यात ग्राहकाने जहाजाचे भाडे भरले का, अशी एजंटाने विचारणा केली. भाडे भरल्याची पावती माझ्या टेबलावरच होती, म्हणून मी ऐटीत 'या पागो' असे दोन शब्द टाइप करून पाठवून दिले. 'पागार' म्हणजे पैसे भरणे आणि 'या' म्हणजे एखादी गोष्ट झालेली असणे किंवा आत्ताच होणे, एवढे मला ठाऊक होते. त्यामुळे 'त्याने भरले' असे आपण कळवले, याच समजुतीत मी होतो. एजंटाने मात्र त्याचा अर्थ 'आत्ता भरतो' असा घेतला आणि तो चार दिवस स्वस्थ बसून राहिला. तोवर कंटेनरवर डॅमरेज (वेळेत न सोडवल्याचा दंड) चढले. साहेब रागावले नाहीत, पण 'स्पॅनिश येते म्हणाला होतास ना?' एवढेच त्यांनी विचारले आणि ते जास्त लागले.

माझे प्रश्न दोन आहेत. नियमित क्रियापदाचा साधा भूतकाळ स्पॅनिशमध्ये नेमका कसा चालवायचा, हा पहिला. दुसरा प्रश्न मला जास्त सतावतो. आपण मराठीत 'मी भाडे भरले', 'मी रक्कम भरली', 'मी पैसे भरले' असे म्हणतो, म्हणजे कशाचे पैसे भरले त्यावर क्रियापदाचे रूप ठरते. स्पॅनिशमध्ये भाडे पुल्लिंगी आहे आणि बिल स्त्रीलिंगी आहे, तर तिथेही क्रियापद बदलावे लागते का? मी आजवर अंदाजाने लिहीत आलो आहे.

सात_रस्ता

मी मूळची सोलापूरची, हल्ली पुण्यात राहून ऑनलाइन स्पॅनिश शिकवते. तुमची चूक आमच्या वर्गात प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी करतेच, फक्त त्यांच्यावर डॅमरेज चढत नाही.

आधी एक सोय करून घेऊ. स्पॅनिशमध्ये शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याला फार महत्त्व असते आणि तो जोर कधी कधी स्वरावर तिरकी रेघ देऊन लिहून दाखवतात. देवनागरीत तशी रेघ नाही, म्हणून मी येथे जोर असलेल्या अक्षरापुढे अवग्रह (ऽ) लिहीन. आता तुमचे दोन शब्द पाहा. 'पाऽगो' म्हणजे 'मी भरतो', आणि 'पागोऽ' म्हणजे 'त्याने भरले'. अक्षरे तीच, फक्त जोर पहिल्यावरून दुसऱ्यावर गेला, आणि त्याबरोबर काळही बदलला आणि माणूसही बदलला. तुम्ही ती तिरकी रेघ दिली नाहीत, त्यामुळे एजंटाने जे लिहिले होते तेच वाचले. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

नियम असा. क्रियापदाचे मूळ रूप 'आर', 'एर' किंवा 'ईर' यांपैकी एकाने संपते. तो शेवट काढून टाकला की धातू हाती राहतो आणि त्याला भूतकाळाचे प्रत्यय लावायचे. 'पागार'मधून 'पाग' राहिला, त्याची रूपे अशी : मी भरले, 'पागेऽ', तू भरलेस, 'पागाऽस्ते', त्याने किंवा तिने भरले, 'पागोऽ', आम्ही भरले, 'पागाऽमोस', तुम्ही भरलेत, 'पागाऽस्तेइस', त्यांनी भरले, 'पागाऽरोन'. यातील 'पागाऽस्तेइस' हे रूप स्पेनमध्ये घरच्या, मित्रांच्या घोळक्याशी बोलताना वापरतात. मेक्सिकोसह सगळ्या लॅटिन अमेरिकेत त्याची जागा 'पागाऽरोन'नेच घेतली आहे, तेव्हा तुम्हाला ते ओळखता आले तरी पुरे.

'एर' आणि 'ईर' यांची सोय आणखी चांगली आहे, कारण भूतकाळात दोघांचे प्रत्यय एकच आहेत. सोलापूरकरांसाठी विणणे हेच क्रियापद घेऊ. स्पॅनिशमध्ये ते 'तेखेर'. (हा 'ख' आपल्यासारखा नाही, घसा खाकरताना निघतो तसा आहे.) तेखीऽ, तेखीऽस्ते, तेखियोऽ, तेखीऽमोस, तेखीऽस्तेइस, तेखिएऽरोन. राहणे म्हणजे 'बिबीर', त्याचेही बिबीऽ, बिबीऽस्ते, बिबियोऽ असेच चालवायचे.

तिरकी रेघ सहापैकी फक्त दोन रूपांवर लिहावी लागते, 'मी' आणि 'तो' यांच्या. बाकीच्या चारांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो आणि शेवटी स्वर, न किंवा स असला तर स्पॅनिशमध्ये तो तसाच यायचा असतो, म्हणून तिथे खुणेची गरज पडत नाही. नेमक्या त्याच दोन रूपांत रेघ विसरली तर दुसराच अर्थ तयार होतो. तुमच्या कामात चार शब्द भिंतीवर लिहून ठेवा : 'पाऽगो' मी भरतो, 'पागोऽ' त्याने भरले, 'पागेऽ' मी भरले, आणि 'पाऽगे' म्हणजे चक्क 'आपण पैसे भरा' अशी आज्ञा. उद्या 'मी भरले' असे कळवायला जाल आणि एजंटालाच पैसे भरायला सांगाल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात 'नाही' असे आहे. भाडे भरा, बिल भरा, दहा बिले भरा, 'मी' असेल तर 'पागेऽ' आणि 'तो' असेल तर 'पागोऽ'. कर्माशी क्रियापदाचा काही संबंध नाही. कर्त्याच्या लिंगाशीही नाही. 'मी बोललो' आणि 'मी बोलले' या दोहोंना 'आब्लेऽ' हे एकच रूप आहे.

शेंगा_चटणी

दोन छोट्या शंका. मोबाइलवर ती तिरकी रेघ द्यायची कशी? आणि 'पागाऽमोस' हे तर वर्तमानकाळातही 'आम्ही भरतो' या अर्थाने येते असे मी शिकलो आहे, मग काळ ओळखायचा कसा?

सात_रस्ता

कळफलकावर स्वराची कळ दाबून धरली की रेघ असलेले अक्षर वर येते; कळफलकाची भाषा स्पॅनिश ठेवली तर पुष्कळदा तो आपणहून दुरुस्तीही सुचवतो, पण 'पाऽगो' हाही योग्य शब्द असल्याने तिथे तो गप्प बसतो.

दुसऱ्या शंकेत तुम्ही बरोबर आहात. 'आर' आणि 'ईर' क्रियापदांत 'आम्ही'चे रूप दोन्ही काळांत सारखे असते, फक्त 'एर'मध्ये फरक पडतो : 'तेखेऽमोस' आम्ही विणतो, 'तेखीऽमोस' आम्ही विणले. संदर्भाने कळते. 'काल' हा शब्द वाक्यात असला की प्रश्न मिटतो. मराठीत 'आलो' म्हटल्यावर एक जण आला की दहा जण आले, हे तरी कुठे कळते?

खडू_फळा

मी शाळेत तीस वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवले, स्पॅनिशचा मला गंध नाही. पण या चर्चेत माझ्या विषयाचे पुष्कळ काही आहे, म्हणून लिहिते.

टेरी_टॉवेल यांनी विचारले की कर्म बदलले तर क्रियापद बदलावे लागते का. खरे म्हणजे प्रश्न उलटा करायला हवा : आपल्याकडे ते का बदलते? आपला भूतकाळ हा मुळात क्रियापद नव्हताच, ते विशेषण होते. संस्कृतात 'मया फलं खादितम्' म्हणजे 'माझ्याकडून फळ खाल्ले गेलेले', आणि 'मया फलानि खादितानि' म्हणजे 'फळे खाल्ली गेलेली'. 'खादितम्' हे फळाचे विशेषण आहे, त्यामुळे ते फळाच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते. त्या त-प्रत्ययान्त शब्दांना पुढे प्राकृतात 'इल्ल' जोडला गेला आणि त्यातून मराठीचा 'ला' आला, गत, गेला, कृत, केला. म्हणून आपण आजही 'मी फळ खाल्ले, फळे खाल्ली, पेरू खाल्ला' असे म्हणतो.

यात एक गंमत पाहा. 'तू भाकरी खाल्लीस' या एका शब्दात दोघांची हजेरी आहे : 'ली' भाकरीसाठी आणि 'स' तुझ्यासाठी. 'तुम्ही भाकऱ्या खाल्ल्यात' यात 'ल्या' भाकऱ्यांचा आणि 'त' तुमचा. स्पॅनिशमध्ये, सात_रस्ता सांगतात त्याप्रमाणे, फक्त खाणाऱ्याचीच हजेरी लागते. हिशेब सोपा आहे, पण आपल्या सवयीच्या माणसाला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटणारच. तो 'स' बोलण्यात पुष्कळदा गळतो आणि 'तू भाकरी खाल्ली' एवढेच उरते, हे वेगळे.

सात_रस्ता यांना विचारते, 'तू'च्या रूपात तुमच्याकडेही 'स' ऐकू येतो, 'पागाऽस्ते'. हा आपल्या 'भरलेस'मधील 'स'चा नातेवाईक आहे का?

सात_रस्ता

बाई, पाठ करण्यासाठी तो आधार उत्तम आहे आणि मी तो पुढच्या वर्गात वापरणार आहे, पण नाते मात्र जुळत नाही. लॅटिनमध्ये 'तू'च्या भूतकाळाचा प्रत्यय 'इस्ती' असा होता, त्याचाच हा 'स्ते'. लॅटिनच्या इतर काळांत 'तू'चे रूप 'स'ने संपते, हा एक तेवढा वेगळा पडला. स्पॅनिशमध्येही हेच चालू राहिले : 'तू भरतोस' म्हणजे 'पाऽगास', हा साधा भूतकाळ सोडून बाकी सगळ्या काळांत शेवटी 'स'. त्यामुळे बोलताना पुष्कळ स्पॅनिशभाषक भूतकाळालाही एक 'स' चिकटवून 'पागाऽस्तेस' म्हणतात आणि त्यांचे शिक्षक ते लाल शाईने खोडतात. आपण 'स' गाळतो, ते जोडतात.

पूर्व_भाग

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला. लाल शाईचा विषय निघालाच आहे तर मन मोकळे करतो.

लहानपणी शाळेत मी 'मी अभ्यास केलो', 'मी भाकरी खाल्लो', 'मी पिक्चर बघितलो' असे लिहायचो आणि प्रत्येक वेळी वहीवर लाल गोल यायचा. 'अभ्यास केला, भाकरी खाल्ली' असे दहा वेळा लिहून आणायची शिक्षा मिळायची. माझ्या घरातच नव्हे, सोलापुरात मराठी घरांतही असे बोलणारे ढिगाने आहेत. पुण्याला नोकरीला गेलो तेव्हा 'मी केलो' एवढ्या दोन शब्दांवरून लोक माझे गाव ओळखायचे आणि हसायचे.

कारण साधे आहे. तेलुगूत 'नेनु तिन्नानु' म्हणजे मी खाल्ले, 'नुव्वु तिन्नावु' म्हणजे तू खाल्लेस, 'मेमु तिन्नामु' म्हणजे आम्ही खाल्ले. काय खाल्ले, किती खाल्ले, याने शेवट बदलत नाही. 'नु' माझा, 'वु' तुझा, 'मु' आमचा. शेजारच्या कन्नड घरातही रूपे वेगळी असली तरी तऱ्हा हीच. शेवट पुरेसा बोलका असल्याने 'नेनु' म्हटले नाही तरी चालते, नुसते 'तिन्नानु' म्हटले की झाले. आता सात_रस्ता ताईंनी दिलेली रूपे पाहून मी थक्क झालो आहे. 'मी भाकरी खाल्लो, मी भाकऱ्या खाल्लो, मी पेरू खाल्लो' हे तर सरळसरळ स्पॅनिशचेच व्याकरण झाले! म्हणजे ज्यासाठी मला शिक्षा व्हायची त्यासाठी माद्रिदच्या शाळेत मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

सात_रस्ता

हे मला इतकी वर्षे शिकवूनही सुचले नव्हते, आणि मी स्वतः सोलापूरची! खाणे म्हणजे 'कोमेर' घ्या. मी भाकरी खाल्लो, 'कोमीऽ'. मी भाकऱ्या खाल्लो, तरी 'कोमीऽ'. तंतोतंत तुमचे 'खाल्लो'. माझ्या अनुभवात पुण्याचे विद्यार्थी या पायरीवर अडखळतात, 'ला' आणि 'ली' शोधत बसतात. टेरी_टॉवेल, तुम्ही स्पॅनिश लिहिताना मनात पुस्तकी मराठी आणू नका, सरळ 'मी बिल भरलो, तो बिल भरला' असे मनात म्हणा आणि त्याचे स्पॅनिश करा. फक्त एक लक्षात ठेवा : 'भरलो' आणि 'भरला' पुरुषाचे आहेत, बाई असेल तर सोलापुरातही 'भरले, भरली' होईल. स्पॅनिशमध्ये तेवढाही भेद नाही.

खडू_फळा

पूर्व_भाग, तुमच्या वहीवरचा लाल गोल माझा नसेलही, पण मी असे शेकडो गोल काढले आहेत, हे कबूल करते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मी आजही काढीन, कारण प्रमाण मराठीत कर्मणी प्रयोग आहे आणि तो मुलांना यायला हवा. परंतु हसणाऱ्यांचे मला कधीच पटले नाही. मराठीच्या आत 'मी जेवलो', 'मी आलो', 'मी बोललो' असा कर्त्यामागे चालणारा भूतकाळ आहेच. सोलापूरने तो सगळ्या क्रियापदांना लावला, एवढेच. शेजारी तेलुगू आणि कन्नड असताना तसे होण्यात आश्चर्य नाही. इतके समजावून मी गोल काढला असता तर बरे झाले असते.

टेरी_टॉवेल

मी चर्चा सुरू करून बाजूला बसलो आणि इथे एवढे घडले! 'तो बिल भरला' ही युक्ती लगेच लागू पडली. आज सकाळी दोन संदेश तसे मनात म्हणून लिहिले. आता एक मूळची शंका. जोर शेवटच्या अक्षरावर का जातो? पाठ तर करीनच, पण कारण कळले तर विसरणार नाही. आणि दुसरे म्हणजे, 'पागार'च्या 'मी'च्या रूपात इंग्रजी लिपीतील स्पेलिंग मध्येच बदलते, एक 'यू' घुसतो. मग हे क्रियापद नियमित कसे?

सात_रस्ता

दुसरे आधी सांगते, कारण त्यात आपल्या लिपीचा फायदा आहे. रोमन लिपीत 'ग'चे जे अक्षर आहे, त्यापुढे 'ए' आला की स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार त्या घशातल्या 'ख'सारखा होतो. 'ग' हा 'ग'च राहावा म्हणून मध्ये एक मूक अक्षर घालतात. पोहोचणे म्हणजे 'येगार', त्याचे 'येगेऽ', तिथेही तेच. शोधणे म्हणजे 'बुस्कार', त्याचे 'बुस्केऽ', तिथे 'क' टिकावा म्हणून अक्षरच बदलतात. ही सारी लिपीची अडचण आहे, भाषेची नाही. देवनागरीत लिहिले की 'पाग'ला 'ए' लागला, 'पागे' झाले, नियम कुठेच मोडला नाही. खरी अनियमित क्रियापदे वेगळी आहेत. 'असणे' आणि 'जाणे' या दोन क्रियापदांचा भूतकाळ तर एकच आहे, दोन्हींसाठी 'फुई', पण त्यांचा धागा वेगळा काढावा लागेल.

आता जोर. 'पागार' हा लॅटिनमधील 'पाकारे'पासून आला आणि त्याचा मूळ अर्थ शांत करणे असा होता. सावकाराला शांत करणे म्हणजे पैसे भरणे. 'मी शांत केले' याला लॅटिनमध्ये 'पाकाऽवी' आणि 'त्याने शांत केले' याला 'पाकाऽवित' म्हणत. जोर मधल्या 'का'वर. बोलता बोलता मधला 'व' विरघळला. पहिल्याचे 'पाकाऽई' झाले, त्याचे पुढे 'पागेऽ'. दुसऱ्यात 'व' सुटून 'उ' उरला, 'पाकाऽउत', त्याचे पुढे 'पागोऽ'. जोर आपली जागा सोडून गेलेलाच नाही. त्याच्या मागची अक्षरे झडली आणि तो शेवटी उघडा पडला.

खडू_फळा

थांबा. 'आ' आणि 'इ' मिळून 'ए', 'आ' आणि 'उ' मिळून 'ओ'? महा अधिक इंद्र म्हणजे महेंद्र, महा अधिक उत्सव म्हणजे महोत्सव. हा तर आठवीच्या वर्गातला गुणसंधी आहे!

सात_रस्ता

बाई, संधी हा शब्द लॅटिनवाले वापरणार नाहीत, पण घडले ते हेच. म्हणून 'मी'ला 'ए' आणि 'त्या'ला 'ओ'. टेरी_टॉवेल, तुम्हाला कारण हवे होते; 'पाग' अधिक 'आई' बरोबर 'पागेऽ', 'पाग' अधिक 'आउ' बरोबर 'पागोऽ'. आता विसरून दाखवा.

टेरी_टॉवेल

विसरणे अशक्य आहे. सरावासाठी मी एक परिच्छेद लिहिला आहे, कृपया तपासावा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घेतले, कारण त्यांचे जन्मघर आता स्मारक आहे आणि मी ते पाहिलेले आहे. ते ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले, त्याचे प्रमुख डॉ. अटल हे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात रुग्णसेवा करून आले होते, हेही मला वाचनात सापडले, तेव्हा स्पॅनिशचा धागा अगदीच ओढूनताणून आणलेला नाही.

'१९१० साली सोलापुरात जन्मले' याचे मी 'नासियोऽ' केले. 'वैद्यकशास्त्र शिकले', 'एस्तुदियोऽ'. '१९३८ साली चीनमध्ये पोहोचले', 'येगोऽ'. 'चिनी शिकले', 'आप्रेंदियोऽ'. 'चार वर्षे चीनमध्ये राहत होते', 'बिबीऽआ'. '१९४१ साली लग्न केले', 'से कासोऽ'. '१९४२ साली वारले', 'मोरियोऽ'.

सात_रस्ता

छान जमले आहे. दोन चुका आहेत आणि एका ठिकाणी तुम्ही नशिबाने वाचला आहात.

वाचलात ते 'एस्तुदियोऽ'मध्ये. ते दिसते 'आप्रेंदियोऽ'सारखे, पण हे क्रियापद 'एस्तुदियार' असे 'आर'चे आहे. त्यातला 'इ' धातूचाच आहे आणि प्रत्यय फक्त 'ओ'. 'आप्रेंदेर' मात्र 'एर'चे, तिथे 'इयो' हा सगळा प्रत्यय. 'मी शिकलो' लिहायची वेळ आली की फरक उघडा पडेल : 'एस्तुदियेऽ', पण 'आप्रेंदीऽ'.

पहिली चूक 'वारले' येथे. 'मोरीर' हे अर्धे नियमित आहे. 'मी' आणि 'तू'पर्यंत सरळ चालते आणि 'तो'पाशी आले की 'ओ'चा 'उ' होतो, 'मुरियोऽ'.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. 'बिबीऽआ' हा दुसराच भूतकाळ आहे, बाईंच्या भाषेत रीती भूतकाळ : राहत असत, राहायचे. चार वर्षे म्हणजे मोठा काळ, म्हणून तुम्ही तो घेतलात. पण काळ किती लांब होता यावर ते ठरत नाही. 'चार वर्षे' असे मोजून दिले की तो काळ दोन्ही टोकांनी बंद झाला, एक गाठोडे झाले, तिथे साधा भूतकाळच हवा : 'बिबियोऽ'. 'त्या दिवसांत ते चीनमध्ये राहत असत आणि रात्री उशिरापर्यंत काम करीत' असे टोके न बांधता सांगायचे असेल तर 'बिबीऽआ'. चारशे वर्षांचे राज्यसुद्धा 'चारशे' म्हटले की साध्या भूतकाळात जाते.

शेंगा_चटणी

आणि आज घडलेल्या गोष्टीला? कोणी 'जेवलास का?' विचारले तर 'कोमीऽ' म्हणायचे ना?

सात_रस्ता

मेक्सिकोत हो. स्पेनच्या बऱ्याच भागात आज घडलेल्या गोष्टीला 'ए कोमीऽदो' म्हणतात, आपल्या 'जेवलोय'सारखे, आणि कालच्या जेवणाला 'कोमीऽ'. टेरी_टॉवेल यांचा माल मेक्सिकोला जातो, तेव्हा त्यांनी निर्धास्तपणे साधा भूतकाळ वापरावा.

टेरी_टॉवेल

सर्वांचे आभार. आज दुपारी पुन्हा तोच प्रसंग आला. नवीन कंटेनर, तोच एजंट, तोच प्रश्न. मी 'ओ'ची कळ दाबून धरली, रेघ घेतली आणि 'या पागोऽ' असे लिहिले. पाठवण्याआधी येथे दाखवतो आहे. आता तरी बरोबर आहे ना?

सात_रस्ता

रेघ बरोबर आहे, पण पाठवू नका! मी एक गोष्ट सांगायची विसरले. आदराने 'आपण' म्हणताना स्पॅनिशमध्ये 'तो'चेच रूप वापरतात. त्यामुळे 'या पागोऽ' याचा अर्थ 'त्याने भरले' असाही होतो आणि 'आपण भरले' असाही. तो एजंट आपणच कधी भरले ते शोधत बसेल. कर्ता लिहा : 'एल क्लिएंते या पागोऽ', ग्राहकाने भरले.

पूर्व_भाग

म्हणजे सोलापुरीत, 'ग्राहक भरला'.

टेरी_टॉवेल

पाठवले. दोन मिनिटांत 'ग्रासियास' आले आणि कंटेनर सुटला.